बेणं लई स्किलचं हाय

सातारा-सांगलीकडं माणसाचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. करायचंच झालं तर ते शिवीच्या सुरात करतात. एखाद्या पोरानं नुसतं एकदा बघून ट्रॅक्टरचा पंप खोलला आणि परत बसवला, तर "हुशार आहे हो मुलगा" असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. "बेणं लई अवली हाय" म्हणतात. बेणं म्हणजे खरं तर लागणीसाठी निवडून तोडलेली उसाची कांडी. किडकी कांडी बेण्यात येत नाही, ती वैरणीत जाते. म्हणजे ज्याला बेणं म्हटलं तो आधीच एका चाळणीतून पार पडलेला असतो. त्याच्या वरची पदवी डांबिस, त्याहून वर इरसाल, आणि सगळ्यांत वर वस्ताद. वस्ताद मूळचा तालमीतला. पण आता मोटर भरणारा, लग्नाचं जेवण उतरवणारा, पत्ते पिसणारा आणि सोसायटीच्या निवडणुकीत रात्रीत पॅनेल फोडणारा, हे सगळेच वस्ताद. फक्त शाळामास्तरला कुणी वस्ताद म्हणत नाही. त्याला सर म्हणतात आणि विषय संपवतात.

या उतरंडीत गेल्या काही वर्षांत 'स्किल' घुसलं आहे. शब्द इंग्रजांचा, पण कराड-इस्लामपूरच्या पट्ट्यात त्याला इतक्या कामांना जुंपलंय की मूळ मालकाला तो ओळखू यायचा नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बोळातून मागं घ्यायचा असतो. पुढची ट्रॉली डावीकडं वळवली की मागची उजवीकडं पळते. बोळातली निम्मी माणसं 'येऊ दे, येऊ दे' करत असतात, उरलेली 'हो हो हो' करून थांबवत असतात. अशा वेळी पारावरचे तात्या ओरडतात, "आरं, स्किलनं घे की!" इथं स्किल म्हणजे माझी भिंत पाडू नकोस. बाजार समितीच्या उपसभापतीचं पद गेलं, तर "त्येला स्किलनं काढला" म्हणतात. म्हणजे त्याच्याच हातानं राजीनाम्यावर सही घेतली आणि वर त्याचा सत्कारही केला. आणि स्थळ बघायला गेल्यावर मुलाचे मामा "पोराकडं स्किल हाय" असं म्हणाले, तर मुलाला नोकरी नाही असं समजावं. नोकरी असती तर त्यांनी नोकरीच सांगितली असती. पुढचं वाक्य बहुधा "फक्त लाईन घावंना" असं असतं.

अर्थात शब्दाला सरकारी पाठबळ आहे. 15 जुलै 2015 ला दिल्लीत 'स्किल इंडिया' सुरू झालं आणि आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत त्याचे फलक आले. पण या शब्दाची आमची ओळख त्याआधीची आहे. आधी अनस्किल्ड आलं, स्किल मागाहून आलं.

झालं असं, की तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची, आणि तिचा पहिला प्रयोग 1965 साली त्यांच्याच भागात झाला. 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये केंद्रानं त्याच धर्तीवर सगळ्या देशासाठी कायदा केला. काम एवढं मोठं, की त्यावर कितीतरी दुष्काळी चुली पेटल्या. पण कायद्याला शब्द काटेकोर लागतात. त्यामुळं ग्रामीण भागात मागेल त्याला जे काम मिळेल ते 'अकुशल अंगमेहनतीचं' असेल, असं कागदावर आलं. मस्टरवर त्याचं 'अनस्किल्ड' झालं आणि मुकादमाच्या तोंडी नुसतं 'अनस्किल'.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या एका आक्कांना मी या कामाबद्दल विचारलं होतं. आक्का म्हणाल्या, "दगडाला शीर आसती. आधी त्येला फिरवून शीर हुडकायची. शिरंवर घाव बसला की दोन दणक्यात फुटतोय. न्हाय घावली तर हाताला झिणझिण्या येत्यात आन् दगूड हाय तसाच. नवी बाई आली की आमी तिला पयल्या दिवशी काय सांगायचो न्हाय. संध्याकाळी तिची पाटी बघायची, मग शिकवायचं."

मी म्हटलं, "म्हणजे आक्का, तुम्ही कुशल कामगार झाला की!"

"न्हाय बा," आक्का घाईनं म्हणाल्या. आता या वयात कुणीतरी जुनं मस्टर उघडून मजुरी परत मागेल की काय, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. "आमी अनस्किलच. तसं लिवल्यालं हुतं."

आता 'कुशल' कोण, हे विचारायचं तर वाईला जायला हवं. विश्वकोश तिथं तयार झाला, प्राज्ञपाठशाळा तिथली. कृष्णेच्या घाटावर संस्कृतचा एखादा जाणकार अजून भेटतो. तो सांगेल की कुश म्हणजे दर्भ. दर्भाची पात धारदार, बेसावधपणे ओढली की बोट चिरतं. हात न कापून घेता जो दर्भ तोडून आणतो तो कुशल. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत हे ठरलेलं उदाहरण आहे: शब्द निघाला गवतातून, आणि पुढं रूढीनं कुठल्याही कामात तरबेज असणाऱ्याला लागला.

आता बघा. गवत नेमकं उपटायचं, हात कापू द्यायचा नाही, या कामाला आमच्याकडं भांगलण म्हणतात. कृष्णाकाठच्या हळदीच्या सरीत बायका दिवसभर वाकून ती करतात. हळदीचा कोंब आणि तणाचा कोंब शेजारीशेजारी असतो. खुरपं बोटभर इकडं सरकलं तर हळद गेली, तिकडं सरकलं तर लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली आणि आठ दिवसांत परत वर आली. हे सगळं चालू असताना कुणाच्या सुनेचं काय चाललंय याचाही साग्रसंगीत आढावा घेतला जातो, आणि तरी खुरपं चुकत नाही. शास्त्राप्रमाणं पाहिलं तर कुशल या शब्दावर पहिला हक्क या बायकांचा. मस्टरप्रमाणं पाहिलं तर त्या अकुशल. अलंकारशास्त्री मम्मटानं मजुरीचे दर ठरवले नाहीत, हे शासनाच्या दृष्टीनं बरंच झालं.

सांगलीहून मिरजेला गेलं की शब्दाचा घोळ आणखी वाढतो. मिरजेत एक आडनाव आहे, सतारमेकर. त्यांच्या नावाची गल्लीही आहे. लोहार, सुतार, सोनार यांच्या रांगेत हे एकटंच इंग्रजी शेपटाचं आडनाव. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल बसला, लढाया थांबल्या आणि धारेला गिऱ्हाईक उरलं नाही. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान, दरबारात गाणं, आणि गाण्याची वाद्यं मोडायची तेव्हा दुरुस्तीला माणूस मिळायचा नाही. फरीदसाहेब शिकलगारांनी त्यात हात घातला. ज्या घरात लोखंडाला धार यायची त्या घरातून षड्ज यायला लागला. आजच्या भाषेत याला 'रीस्किलिंग' म्हणतात आणि त्यावर मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर असतं. फरीदसाहेबांना चहासुद्धा कुणी दिला असेल की नाही, कोण जाणे.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो वाळवणं, कापणं, दांडी जोडणं, त्यावर नक्षी करणं, हे सगळं डोळ्यांना दिसतं तरी. पण खरी मेख जवारीत. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा अगदी किंचित उताराचा घासायचा असतो. कारागीर कानस हातात घेतो, दोनदा घासतो, तार छेडतो, कान लावतो. पुन्हा एकदा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, केसभर पुढं, केसभर मागं. अचानक एका जागी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते; एका सुरातून बाकीचे सूर बाहेर पडतात. किती घासायचं याचं माप नाही. एक घास जास्त झाला तर तार तुणतुण्याला लाजवते आणि घोडीचा माथा पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. "कुठं थांबायचं हे कसं कळतं?" असं विचारलं, की समोरचा म्हणतो, "आवाज उघडतो ना!" एवढ्या उत्तरावर तुम्ही घरी जायचं.

या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगली गोष्ट झाली. आता कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना आहे, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. तीत 18 व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, परीट, हार करणारे, होड्या बांधणारे, कुलपं करणारे, सगळे आहेत. हत्यारं घडवणारे, म्हणजे शस्त्रकारही आहेत. वाद्यं करणारे नाहीत. म्हणजे फरीदसाहेबांनी दीडशे वर्षांपूर्वी धंदा बदलला नसता, तलवारीच घासत बसले असते, तर त्यांचे वंशज आज यादीत बसले असते. माणसानं नवीन स्किल शिकताना पुढचा-मागचा विचार करावा, तो असा.

आता सॉफ्ट स्किल. आमच्याकडच्या कॉलेजांत याच्या कार्यशाळा होतात. पुण्याहून टाय लावलेले एक सर येतात, पडद्यावर चौकोन दाखवतात आणि पोरांना सांगतात की कम्युनिकेशन, निगोशिएशन, नेटवर्किंग आणि अॅडाप्टेबिलिटी या चार गोष्टी आल्या की जग जिंकलं. समोर बसलेली निम्मी पोरं खानापूर-आटपाडीकडची. त्यांचे मामा, चुलते गलाईवाले.

गलाई म्हणजे सोन्या-चांदीची आटणी. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा मुलूख. शेतात भागेना म्हणून माणसं बाहेर पडली आणि मोडीचे दागिने आटवून शुद्ध सोनं काढायच्या धंद्यात देशभर पसरली. केरळातल्या सराफ बाजारात, आसामात, बंगालमध्ये, उत्तर प्रदेशात, जिथं सोनार आहे तिथं शेजारच्या गाळ्यात खानापूर तालुका आहे. गावाकडून आठवी-दहावीचं पोरगं मामाच्या दुकानात जातं. मूस कशी धरायची, तेजाब किती घालायचं, टंच कसा काढायचा, हे बघत बघत शिकतं. सोनाराच्या दुकानातला केर झाडून त्यातून सोनं काढायलाही शिकतं. आपल्या घरातला केर काढ म्हटलं तर मात्र ऐकत नाही. चार वर्षांत ते पोरगं मल्याळममध्ये घासाघीस करतं, तमिळमध्ये उधारी वसूल करतं आणि आईशी फोनवर आटपाडीच्या बोलीत भांडतं. यात्रेला गावी आल्यावर कुणी विचारलं की काय करतोस, तर सांगतं, "काय न्हाय, दुकानात आसतोय." धातुशास्त्र, रसायनशास्त्र आणि दोन द्राविडी भाषा त्या 'काय न्हाय'मध्ये बसल्या. कार्यशाळेच्या सरांनी याला बायोडाटा लिहायला शिकवावा असं मला वाटत होतं. पण त्याला बायोडाटा लागत नाही. त्याला फक्त मामा लागतो.

निगोशिएशनचं तर बोलायलाच नको. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारात जुना व्यवहार हातावर रुमाल टाकून चालायचा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटं धरून किंमत ठरवायचे. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत, खाली हजारांची चढउतार चालू. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही, समोरच्याची बोटं किती घट्ट धरली जातात त्यावरून तो किती अडलाय ते ओळखायचं. या विषयाची पुस्तकं विमानतळावर मिळतात म्हणे. खिलारवाल्याला विमानतळावर जायची गरज पडली नाही.

सरांच्या चौकोनात आमची मोठी माणसंही बसवून बघितली. कर्मवीर भाऊराव पाटील, गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक, कामाचं ठिकाण सातारा. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक माणूस. मॅट्रिकची पायरी त्यांना चढता आली नाही. शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी फिरले, किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांच्या गळ्यात घातले. आणि त्या काळी लोखंडी नांगर विकणं सोपं नव्हतं. लोखंडानं जमीन नासते असं लोक मानायचे. ज्यानं असा नांगर खपवला त्याला पुढं 'पोरांना शाळेत घाला' हे खपवणं जड गेलं नसेल. 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' चालवलं. आज त्यांचा अर्ज एखाद्या कंपनीत गेला असता तर 'शिक्षण' या रकान्यापाशीच पोर्टलनं पुढं सरकू दिलं नसतं. पुणे विद्यापीठानं 1959 मध्ये डी. लिट. दिली, तोवर संस्था चाळीस वर्षांची झाली होती.

कम्युनिकेशन स्किल नसल्यानं काय होतं, याचंही उदाहरण कराडचंच. गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला गेले. ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून मदत केली. ढाक म्हणजे कुस्तीतला एक डाव; ती टाकावी खाशाबांनीच. तिथं जपानच्या मल्लाशी मोठी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. म्हणजे ज्यांच्याकडं इंग्रजी होती ते हजर नव्हते आणि जो हजर होता त्याच्याकडं ढाक होती. खाशाबा थकलेल्या अंगानं लढले, हरले, आणि तरी कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. याला सरांच्या पडद्यावर कुठलाच चौकोन नव्हता.

कार्यशाळा संपल्यावर सरांना पोरांनी जवळच्या गुऱ्हाळावर नेलं. चुलवाणात चिपाडं धडाडत होती, काहिलीत रस उकळत होता. वर आलेली मळी झाऱ्यानं काढून झाली होती, भेंडीचं पाणी घालून रस निवळला होता. गुळव्या आण्णा काठावर उभे, अंगात बंडी, चेहरा निर्विकार. रसाचा पाक झाला, बुडबुडे बारीक होते ते मोठे झाले, मग फुटताना आवाज करायला लागले. आण्णांनी फावड्याच्या टोकावरचा थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण आवाज आला नाही. आण्णा थांबले.

"काका, टेंपरेचर काय ठेवता?" सरांनी विचारलं. त्यांनी आधी वाचून ठेवलं होतं, एकशे अठराच्या आसपास.

"ठेवत न्हाय. येतंय."

"पण मोजता कसं?"

आण्णांनी दुसरी गोळी केली. काठावर मारली. टण्ण. "उतरवाऽऽ!" अशी आरोळी उठली आणि चारी बाजूंनी गडी धावले. काहील वाफ्यात उलटली, सर एका बाजूला ढकलले गेले, टायवर पाकाचा शिंतोडा उडाला. ही आरोळी पाव मिनिट उशिरा आली असती तर गूळ काळा पडला असता आणि सांगलीच्या यार्डात त्याचा भाव पडला असता. उसाचं सगळं वर्ष त्या टण्ण आवाजावर.

सरांनी धीर केला. "काका, हे स्किल तुम्ही कुठं शिकलात?"

"स्किल न्हाय बा आपल्याकडं," आण्णा म्हणाले. "स्किल आमच्या धाकट्याकडं हाय. त्यो घरीच आसतोय."

तुम्हाला हे बघायचं असेल तर दिवाळीनंतर या. कराड, पाटण, शिराळा, कुठंही चुलवाणाचा धूर दिसेल तिकडं गाडी वळवा. रस फुकट मिळेल, ताजा गूळ पानावर मिळेल, वर आग्रहही होईल. फक्त पाक गोळीला आला असताना गुळव्याला प्रश्न विचारू नका. आणि टाय घालून येऊ नका.